मागावरून मोटारीकडे : टोयोटाच्या नावलौकिकाची कथा

नारपोली, गौरीपाडा, पद्मानगर, शांतीनगर या भागांतून जाणाऱ्या माणसाला भिवंडीची ओळख आधी कानांनी पटते. यंत्रमागांची खटखट दिवसपाळीत आणि रातपाळीत सारखीच चालू असते. साध्या मागावर कांडीवरचे सूत संपले की कारागीर माग थांबवतो, धोट्यातील कांडी बदलतो आणि माग पुन्हा सुरू करतो. ताण्याचा एखादा धागा तुटला आणि तो वेळीच कोणाच्या लक्षात आला नाही, तर माग मात्र विणतच राहतो. तागा उतरतो तेव्हा कापडात लांब रेघ दिसते आणि घेणारा भाव पाडून मागतो. ग्रे कापडाच्या धंद्यात वाढलेल्या प्रत्येक घराला हे नुकसान ठाऊक आहे. या नुकसानीवर शंभर वर्षांपूर्वी जपानमधील एका सुताराच्या मुलाने उपाय शोधला, आणि त्या उपायाच्या आधाराने पुढे एक मोटार कंपनी उभी राहिली. भिवंडीच्या गोदामांसमोर आणि सोसायट्यांच्या आवारांत आज ज्या इनोव्हा गाड्या उभ्या दिसतात, त्यांचे घराणे मूळचे मागवाल्यांचे आहे.

साकिची टोयोडा यांचा जन्म १८६७ साली, आजच्या शिझुओका प्रांतातील एका खेड्यात झाला. वडील सुतारकाम करीत. घरात आणि शेजारीपाजारी स्त्रिया हातमागावर विणत. त्यांचे कष्ट हलके करावेत या ध्यासाने साकिची यांनी लाकडी हातमागात सुधारणा केली आणि १८९१ साली तिचे पेटंट मिळवले. १८९६ साली त्यांनी यंत्रशक्तीवर चालणारा माग तयार केला. त्यानंतरची जवळजवळ तीन दशके ते एकाच प्रश्नामागे लागलेले दिसतात : माणसाचे लक्ष नसतानाही माग चुकू नये, यासाठी काय करावे? १९२४ साली पूर्ण झालेला त्यांचा ‘जी’ प्रकारचा स्वयंचलित माग हे त्याचे उत्तर होते. या मागावर धोटा चालत्या वेगातच बदलला जाई, आणि धागा तुटला की माग आपोआप थांबे. परिणामी एक कामगार कितीतरी अधिक माग सांभाळू लागला आणि सदोष कापड विणले जाण्यापूर्वीच अडवले जाऊ लागले.

या मागांच्या निर्मितीसाठी १९२६ साली ‘टोयोडा स्वयंचलित माग कारखाना’ स्थापन झाला. तीन वर्षांनी, १९२९ च्या डिसेंबरात, ज्या इंग्लंडने जगाला यंत्रमाग दिला त्याच देशातील ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्स या नामांकित कंपनीने या मागाचे हक्क एक लाख पौंडांना विकत घेण्याचा करार केला. ही रक्कम साकिची यांनी मुलाच्या मोटारीच्या प्रयोगांसाठी दिली, अशी कथा प्रचलित आहे. ती अक्षरशः खरी नसली तरी पुढचे वळण खरे आहे. साकिची १९३० साली निवर्तले. त्यांचे पुत्र किइचिरो यांनी १९३३ साली माग कारखान्यातच मोटार विभाग उघडला, १९३५ साली पहिली नमुन्याची मोटार बनवली आणि १९३७ साली स्वतंत्र मोटार कंपनीची नोंदणी झाली. त्याच्या आदल्या वर्षी ‘टोयोडा’चे ‘टोयोटा’ करण्यात आले होते. जपानी लिपीत ‘टोयोटा’ हे नाव आठ फटकाऱ्यांत लिहिले जाते आणि आठ हा आकडा तेथे शुभ मानतात. वहीपूजनाला मुहूर्त पाहणाऱ्या व्यापाऱ्याला यात नवल वाटण्याचे कारण नाही.

धागा तुटताच थांबणाऱ्या मागाचे तत्त्व मोटारीच्या कारखान्यात आणणारा माणूसही कापडाच्या धंद्यातूनच आला. ताइइची ओनो हे टोयोडांच्या सूतगिरणीत काम करीत होते. १९४३ साली ते मोटार कंपनीत दाखल झाले. त्यांच्या पद्धतीत जुळणीच्या रांगेवरील कोणत्याही कामगाराला दोष दिसला तर दोरी ओढून सर्वांचे लक्ष वेधण्याचा आणि दोष तेथल्या तेथे दूर झाला नाही तर संपूर्ण रांग थांबवण्याचा अधिकार असतो. रांग थांबली की कारखान्याचे मोठे नुकसान होते. तरीही दोष पुढे सरकू देण्यापेक्षा ते नुकसान स्वस्त, असा हा हिशेब आहे. मोटारीचा लौकिक जाहिरातीने वाढतो असे मानणाऱ्यांनी हा हिशेब नीट पाहावा.

ओनो यांचा दुसरा आग्रह मात्र भिवंडीकरांच्या पचनी सहजासहजी पडणार नाही. लागेल तेव्हा, लागेल तेवढाच माल मागवावा. साठा म्हणजे अपव्यय, असे ते मानत. काल्हेर, पूर्णा, राहनाळ आणि माणकोलीच्या गोदामांवर ज्या गावाची निम्मी उलाढाल उभी आहे, त्याने या शिकवणीवर काय म्हणावे! गंमत अशी, की २०११ च्या भूकंप आणि त्सुनामीनंतर टोयोटालाही हा विचार थोडा बदलावा लागला. संगणकीय चिपसारख्या अडचणीच्या सुट्या भागांचा काही महिन्यांचा साठा पुरवठादारांनी ठेवावा, असे कंपनीने ठरवले, आणि २०२१ साली जगभर चिपचा दुष्काळ पडला तेव्हा सुरुवातीचे काही महिने ती इतरांपेक्षा सावरलेली राहिली. गोदामाचे महत्त्व अशा रीतीने तेथेही मान्य झाले.

या घराण्याच्या इतिहासातील १९५० हे वर्ष पेढी चालवणाऱ्यांनी विशेष लक्षात ठेवण्यासारखे आहे. युद्धोत्तर मंदीत मोटारी उधारीवर जात होत्या, वसुली होत नव्हती आणि पगार थकले होते. जपानच्या मध्यवर्ती बँकेच्या नागोया शाखेने पुढाकार घेऊन इतर बँकांकडून कर्जाची व्यवस्था केली, पण अटी कडक होत्या. विक्रीची कंपनी वेगळी काढावी लागली आणि कामगार कमी करावे लागले. संप झाला. कामगारांना काढणार नाही असे ज्यांनी मानले होते, त्या किइचिरोंनी जूनमध्ये अध्यक्षपदाचा राजीनामा दिला. त्यांच्या जागी आलेले ताइझो इशिदा हे माग कारखान्याचे प्रमुख होते, आणि काटकसरीसाठी ख्यातनाम होते. त्याच महिन्यात कोरियाचे युद्ध पेटले, अमेरिकी सैन्याकडून ट्रकच्या मागण्या आल्या आणि कंपनी वाचली. किइचिरो मात्र १९५२ साली, पुन्हा सूत्रे हाती घेण्यापूर्वीच वारले. पुढे रोख शिल्लक बाळगण्याच्या सवयीमुळे या कंपनीला जपानमध्ये थट्टेने ‘टोयोटा बँक’ म्हणत. ज्या घराने एकदा सावकाराच्या दारात उभे राहण्याचा प्रसंग पाहिला, त्याच्या पुढच्या पिढ्या गल्ल्याकडे कशा पाहतात, हे व्यापारी समाजाला सांगावे लागत नाही.

लौकिकही एका दिवसात आला नाही. १९५७ साली टोयोटाची क्राऊन ही मोटार अमेरिकेत पाठवण्यात आली. जपानच्या खडबडीत, अरुंद रस्त्यांसाठी बनलेली ही गाडी तेथील महामार्गांवर वेग घेताच थरथरू लागे, तापू लागे. १९५८ च्या वर्षभरात तीनशेसुद्धा गाड्या खपल्या नाहीत. १९६० च्या अखेरीस प्रवासी मोटारींची निर्यात कंपनीने स्वतःच थांबवली आणि त्या रस्त्यांना योग्य अशी दुसरी मोटार तयार करून पाच वर्षांनी ती पुन्हा त्याच बाजारात उतरली. १९६६ साली जपानमध्ये निघालेली कोरोला पुढे जगातील सर्वाधिक खपाची मोटार ठरली.

भिवंडीतील काही घरांना या लौकिकाची चाहूल भारतीय बाजाराच्या कितीतरी आधी लागली असावी. येथे हालारी विसा ओसवाल समाजाची अनेक कुटुंबे आहेत, आणि याच समाजाची एक शाखा विसाव्या शतकाच्या आरंभापासून नैरोबी, मोंबासा, थिका येथे स्थिरावली आहे. केनियात रस्त्याच्या डाव्या बाजूने वाहने चालतात, म्हणून जपानमध्ये वापरलेल्या मोटारी तेथे सहज चालतात. खेड्यापाड्यांतील प्रवासी वाहतूकही दीर्घकाळ टोयोटाच्या व्हॅनवरच अवलंबून राहिली. लग्नकार्याला आलेल्या आफ्रिकेतील नातलगांच्या तोंडी हे नाव येत असे, तेव्हा येथे मोटार म्हणजे अँबेसेडर किंवा पद्मिनी, आणि तीही नोंदणी करून वाट पाहिल्यावर मिळणारी.

पद्मिनीची आठवण निघाली की वालचंद हिराचंदांचे नाव आपोआप येते. सोलापूरच्या जैन कुटुंबात १८८२ साली जन्मलेल्या या उद्योजकाने जहाजे आणि विमाने यांच्यापाठोपाठ मोटारीचेही स्वप्न पाहिले. फोर्डशी बोलणी फिसकटली तेव्हा क्रायस्लरशी करार करून त्यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून मोटारी बाहेर पडू लागल्या. परवान्यांच्या काळात या कारखान्याला विदेशी स्पर्धा नव्हती आणि सुधारणेची निकडही नव्हती. जपानमध्ये ज्या वर्षांत दोरी ओढून रांग थांबवली जात होती, त्या वर्षांत येथे ग्राहक पाळी लागण्याची वाट पाहत होता. यात दोष वालचंदांचा नाही. ते १९५३ सालीच निवर्तले होते. पण मुंबईच्या परिसरातील मोटार उद्योग ओसरत असतानाच टोयोटा भारतात आली, हा योग नोंदण्याजोगा आहे.

ती आली एका मराठी घराचा हात धरून. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात १८८८ साली सायकलींचे दुकान काढले, पुढे लोखंडी नांगर बनवला आणि १९१० साली माळरानावर किर्लोस्करवाडी वसवली. लोखंडाने जमीन नासेल या समजुतीने शेतकरी नांगर घेईनात आणि पहिले नांगर दोन वर्षे पडून राहिले, असे सांगतात. त्यांच्या चौथ्या पिढीतील विक्रम किर्लोस्कर यांनी जपानी घराण्याशी संबंध जोडला तोही आधी कापडयंत्रांच्या निमित्ताने. सूतगिरण्यांच्या रिंगफ्रेम बनवणारी किर्लोस्कर टोयोडा टेक्स्टाइल मशिनरी ही कंपनी १९९५ साली बंगळूरजवळ निघाली. मोटारींसाठी टोयोटा किर्लोस्कर मोटर १९९७ साली स्थापन झाली, बिडदी येथे कारखाना उभा राहिला आणि २००० च्या आरंभी क्वालिस बाजारात आली.

इंडोनेशियातील ‘किजांग’ या गाडीवर बेतलेली क्वालिस दिसायला जुनाट होती. वृत्तपत्रांनी तिच्या चौकोनी रूपाची थट्टा केली. पण आठ-दहा माणसे, सामानाच्या पेट्या आणि सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपण्यासाठी बरोबर घेतलेले डबे-थर्मास, एवढे सारे घेऊन भिवंडीहून पालिताणा, शंखेश्वर किंवा कुंभोज-बाहुबलीची यात्रा करून येणारी गाडी कुरकुर न करता परत आली, की रूपाची चर्चा कोण करतो? प्रवासी गाड्या भाड्याने देणाऱ्यांनी तिला आधी उचलले, कुटुंबांनी त्यांच्याकडून चौकशी करून मग घेतले. चालकाचे मत हीच तिची जाहिरात झाली. विक्री जोरात असतानाच कंपनीने क्वालिस बंद केली आणि २००५ साली तिच्या जागी इनोव्हा आणली, तेव्हा अनेकांना तो वेडेपणा वाटला होता.

व्यापारी घरात मोटार घेताना पहिला प्रश्न बहुधा किमतीचा नसतो. पाच वर्षांनी विकली तर हाती काय येईल, हा असतो. इनोव्हाने मिळवलेले स्थान या एका प्रश्नाच्या उत्तरात आहे. तीन-चार लाख किलोमीटर धावलेल्या इनोव्हाला अजून गिऱ्हाईक मिळते. त्यामुळे घेताना जड वाटलेला पैसा वापराच्या वर्षांवर वाटला तर फारसा जड राहत नाही. तरी मालकांच्या तक्रारी नाहीत असे नाही. किंमत दर पिढीत चढत गेली आहे. सुरुवातीच्या काळात इनोव्हाच्या स्वस्त प्रकारांत एअरबॅग नव्हत्या, आणि ज्या कंपनीने दोष अडवण्याचे शास्त्र रचले तिने ग्राहकाच्या जिवाची ही तजवीज महाग प्रकारांपुरती ठेवावी, हे खटकणारेच होते. बीएस-६ नियमांनंतरच्या कोणत्याही डिझेल मोटारीत धुरातील काजळी अडवणारी जाळी असते; ती साफ होण्यासाठी गाडी अधूनमधून सलग, बऱ्या वेगाने चालावी लागते. घर ते गोदाम एवढ्याच फेऱ्या करणाऱ्याने, आणि त्याही अंजूरफाट्याच्या खड्ड्यांतून, डिझेलचा आग्रह धरावा का, याचा विचार करायला हवा. २०२२ च्या अखेरीस आलेली हायक्रॉस पेट्रोल आणि पेट्रोल-विजेवर चालते, तिच्यात डिझेल नाही. तरीही जुन्या मालकांची ओढ एवढी, की मध्यंतरी थांबवलेली डिझेल क्रिस्टाची नोंदणी कंपनीला २०२३ च्या आरंभी पुन्हा उघडावी लागली.

टोयोटाची काही मॉडेले मुळात सुझुकीची आहेत, हे कळल्यावर अनेक मालक नाराज होतात. २०१९ सालची ग्लान्झा ही मारुतीचीच बलेनो. उलट दिशेनेही हेच घडते : बिडदीत बनलेली हायक्रॉस मारुतीच्या दुकानात ‘इन्व्हिक्टो’ नावाने विकली जाते. भिवंडीच्या बाजाराला खरे तर हा व्यवहार नवा नाही. सूत एकाचे, माग दुसऱ्याचे, मजुरीवर विणलेला तागा तिसऱ्याच्या छापाने विकला जातो, आणि गिऱ्हाईक तो छापावर विश्वास ठेवून घेते. पाहायचे ते एवढेच, की डाग निघाला तर परत कोण घेणार. ग्लान्झा आली तेव्हा बलेनोला दोन वर्षांची वा चाळीस हजार किलोमीटरची हमी होती. त्याच गाडीवर टोयोटाने आपल्या छापासह तीन वर्षांची वा एक लाख किलोमीटरची हमी दिली.

छापाची परीक्षा मोठ्या प्रमाणावर झाली ती अमेरिकेत. १९९५ ते २००० या काळातील टाकोमा पिकअप गाड्यांचे सांगाडे गंजू लागले, तेव्हा २००८ साली कंपनीने फार गंजलेल्या गाड्या बाजारभावाच्या दीडपट रक्कम देऊन परत घेतल्या. पुढच्याच वर्षी प्रकरण गंभीर झाले. पायाखालची चटई अडकल्याने, तर काही गाड्यांत पेडलच चिकटल्याने मोटार आवरत नाही, अशा तक्रारी आल्या, माणसे दगावली, आणि लाखो गाड्या परत बोलावण्यात आल्या. फेब्रुवारी २०१० मध्ये साकिचींचे पणतू आणि तेव्हाचे अध्यक्ष अकिओ टोयोडा यांनी अमेरिकी संसदेच्या समितीपुढे कबूल केले, की कंपनी फार वेगाने वाढली आणि सुरक्षा, गुणवत्ता, विक्री हा जुना क्रम ढळला. इलेक्ट्रॉनिक यंत्रणेत दोष नसल्याचे सरकारी तपासात पुढे निष्पन्न झाले. पण ग्राहकांपासून माहिती दडवल्याबद्दल २०१४ साली कंपनीला १२० कोटी डॉलर भरावे लागले. यांत दोष घडणे ही एक गोष्ट, आणि तो दिसल्यावरही रांग चालू ठेवणे ही दुसरी. दंड झाला तो दुसऱ्या गोष्टीबद्दल.

बिडदीचा कारखानाही सदैव शांत नव्हता. व्यवस्थापन आणि कामगार यांच्यातील संघर्षातून तेथे २०१४ आणि २०२० साली टाळेबंदी झाली. दोरी ओढण्याचा अधिकार ज्या कामगाराला दिला, त्याच्याशीच बोलणे तुटावे, ही या कहाणीतील सर्वांत अवघड बाजू आहे. विक्रम किर्लोस्कर यांचे २९ नोव्हेंबर २०२२ रोजी बंगळूरमध्ये निधन झाले.

त्यानंतर चौदा महिन्यांनी दोष सापडला तो थेट मूळ घरात. साकिचींचा माग कारखाना आज टोयोटा इंडस्ट्रीज या नावाने चालतो. तो एअरजेट माग बनवतो, माल उचलण्याचे फोर्कलिफ्ट बनवतो आणि डिझेल इंजिनेही बनवतो. किर्लोस्करांबरोबर निघालेली ती कापडयंत्रांची कंपनीही आता टोयोटा इंडस्ट्रीज इंजिन इंडिया म्हणून क्रिस्टा आणि फॉर्च्युनर यांची इंजिने तयार करते. मार्च २०२३ मध्ये जपानमधील या कंपनीच्या फोर्कलिफ्ट इंजिनांच्या चाचण्यांत गैरप्रकार उघड झाला. मग २९ जानेवारी २०२४ रोजी जाहीर झाले, की मोटारींच्या तीन डिझेल इंजिनांच्या शक्तीच्या प्रमाणपत्र-चाचणीत, प्रत्यक्ष उत्पादनात नसलेली संगणकप्रणाली वापरून आकडे सुबक करण्यात आले होते. इंजिनांची शक्ती आणि धूर नियमांत बसत होता. खोटी होती ती मोजणी. वार आणि पन्ना मोजून देणाऱ्या बाजारात अशा मोजणीला काय म्हणतात, हे निराळे सांगायला नको.

त्याच दिवशी क्रिस्टा, फॉर्च्युनर आणि हायलक्स यांची भारतातील पाठवणी थांबवण्यात आली. नवी नोंदणी चालू राहिली. कारखान्यातून निघालेल्या, पण अजून मालकाच्या हाती न पडलेल्या गाड्यांबाबत विक्रेत्यांनी ग्राहकाला सर्व हकिकत समजावून सांगावी आणि त्याची संमती असेल तरच आरटीओची नोंदणी व ताबा यांचे काम पुढे न्यावे, असे ठरले. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात बिडदीतून गाड्या पुन्हा निघू लागल्या.